आकाशवाणीची धून आणि परदेशी गुरुजी : वॉल्टर कॉफमन



परिसर अभ्यासात संदेशवहनाच्या साधनांचा पाठ शिकवत होते. टपाल, तार, टेलिफोन, मग रेडिओ. आता आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी रेडिओ पाहिलेलाच नाही. म्हणून मोबाइलवर आकाशवाणीची ती जुनी धून लावली. पहाटे सहाच्या आधी केंद्र सुरू व्हायचं तेव्हा लागायची ती. आधी तानपुऱ्याचा आवाज, आणि त्यावर हळूच येणारे व्हायोलिनचे सूर. आपल्या पिढीच्या कानात ती घट्ट बसलेली आहे. माझे वडील रानात पाणी धरायला निघायचे तेव्हा कोनाड्यातल्या रेडिओवर ही धून चाललेली असायची आणि मागून परभणी केंद्राचं नाव ऐकू यायचं.

धून संपल्यावर एका मुलीने विचारलं, बाई, ही कुणी बनवली? मी गप्प. पस्तीस वर्षं ऐकली, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मुलीला म्हणलं, उद्या सांगते. घरी येऊन शोधलं, वाचलं, आणि जे नाव समोर आलं ते पाहून चकित झाले. ही धून ज्यांची मानली जाते ते ना मराठी, ना हिंदी, ना बंगाली. ते होते जर्मन भाषा बोलणारे एक ज्यू संगीतकार, वॉल्टर कॉफमन. काहीजण या धुनेसाठी दुसरीही नावे घेतात, पण सर्वसाधारणपणे श्रेय कॉफमन यांनाच दिले जाते.

त्यांचे आयुष्य वाचताना मला संगीतापेक्षा शिकण्या-शिकवण्याबद्दलच जास्त काही मिळाले. म्हणून आजचा हा लेख.

बालपण आणि शिक्षण

वॉल्टर कॉफमन यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी कार्ल्सबाड या गावी झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याला कार्लोव्ही व्हारी म्हणतात. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. त्यांच्या जन्माच्या वेळी तिथे ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य होते. पहिल्या महायुद्धानंतर, १९१८ मध्ये, तोच मुलूख चेकोस्लोव्हाकिया झाला. म्हणजे घर न हलवता त्यांचा देश बदलला. घरात जर्मन भाषा, धर्माने ज्यू, आणि देश चेक लोकांचा. अशा तिहेरी ओळखीत हा मुलगा वाढला.

संगीताच्या उच्च शिक्षणासाठी ते बर्लिनला गेले. तिथल्या सरकारी संगीत विद्यालयात फ्रान्झ श्रेकर हे रचना शिकवायचे. जगभरातल्या वाद्यांचा अभ्यास करणारे कुर्ट झाक्स हेही त्यांचे गुरू. झाक्स यांच्यामुळे युरोपाबाहेरही संगीत आहे आणि तेही तितकेच अभ्यासण्यासारखे आहे, ही जाण विद्यार्थ्यांना मिळत असे. १९३० मध्ये बर्लिनचे शिक्षण संपले. पुढे ते प्रागच्या जर्मन विद्यापीठात संशोधन करू लागले. तिथे पॉल नेटल नावाचे प्राध्यापक त्यांना लाभले. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

इथे एक गोष्ट सांगते. आपल्याकडे गावात ऑर्केस्ट्रा म्हणलं की जत्रेतला गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यासमोर येतो. पण युरोपातला ऑर्केस्ट्रा म्हणजे साठ-सत्तर, कधी शंभर वादकांचा वाद्यवृंद. तारेची वाद्ये पुढे, फुंकून वाजवायची लाकडी वाद्ये मधे, त्यामागे पितळी वाद्ये आणि ढोल. प्रत्येकाच्या समोर कागदावर लिहिलेले सूर आणि सगळ्यांसमोर हातात काडी घेऊन उभा असलेला संचालक. कॉफमन हे असे वाद्यवृंद चालवायला शिकले होते, पियानो वाजवत होते आणि स्वतः रचनाही करत होते. विशीतच ते संगीत नाटकांचे संचालन करू लागले होते.

नाकारलेली पदवी

१९३३ च्या जानेवारीत जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. ज्यू प्राध्यापक, वादक, संचालक यांना एकामागून एक नोकऱ्यांवरून काढण्यात आले. कॉफमन यांचे गुरू श्रेकर यांना त्याआधीच पद सोडावे लागले होते आणि १९३४ मध्ये ते वारले. झाक्स यांनाही जर्मनी सोडावी लागली.

प्रागमध्ये कॉफमन यांचा प्रबंध लिहून तयार होता. विषय होता गुस्टाव माहलर या थोर संगीतकाराच्या रचना. पदवी अगदी हातातोंडाशी आलेली. तेवढ्यात त्यांना कळले, की आपले मुख्य प्राध्यापक गुस्टाव बेकिंग हे तिथल्या नाझी तरुण संघटनेचे पुढारी आहेत. अशा माणसाच्या हातून डॉक्टरेट घ्यायची नाही, असे त्यांनी ठरवले आणि पदवी न घेताच विद्यापीठ सोडले.

आपण डी.एड. झालेली माणसं. एका प्रमाणपत्रासाठी किती खेटे मारावे लागतात ते आपल्याला माहीत आहे. वर्षानुवर्षांची मेहनत पूर्ण झालेली असताना फक्त सही नको म्हणून पदवी सोडायची, याला काय लागत असेल, विचार करा.

न कळलेलं संगीत

आता येतो या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग.

युरोपात असतानाच त्यांनी भारतीय संगीताच्या काही ध्वनिमुद्रिका ऐकल्या. ऐकून त्यांना काहीच कळले नाही. सूर परके, ताल परका, कुठे सुरू होते आणि कुठे संपते त्याचा पत्ता लागेना. आपल्यापैकी बहुतेकांनी काय केले असते? काहीतरी विचित्र आहे म्हणून तबकडी बाजूला ठेवली असती.

कॉफमन यांनी वेगळा विचार केला. हे संगीत हृदय आणि बुद्धी असलेल्या माणसांनीच तयार केलेले आहे. लाखो लोक ते आवडीने ऐकतात. मग मला ते आवडत नसेल तर चूक संगीताची नाही, चूक माझी आहे. माझे कान तयार नाहीत. आणि यावर उपाय एकच, जिथे हे संगीत जन्मले तिथे जाऊन ते शिकायचे.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसले. मला आमच्या वर्गातली तांड्यावरची एक मुलगी आठवली. आई-वडील ऊसतोडीला जायचे. कारखान्याचा पट्टा पडला की ती परत यायची आणि वर्गात कोपऱ्यात बसून राहायची. काही विचारलं तर उत्तर नाही. मी माझ्या वहीत तिच्या नावापुढे अप्रगत असा शेरा लिहून मोकळी झाले होते. एक दिवस मधल्या सुट्टीत ती धाकट्या भावाला गोरमाटीत काहीतरी शिकवत होती. बोटं मोजून, हातवारे करून, मधेच गाणं म्हणत. भाऊ पटापट उत्तरं देत होता. मला एक शब्द कळला नाही. पण इतकं कळलं, की ही मुलगी मुकी नाही, मीच बहिरी होते. शेरा मात्र वर्षभर वहीत तसाच राहिला. त्याची खंत आजही आहे.

मुंबईतील बारा वर्षे

१९३४ मध्ये कॉफमन बोटीने मुंबईला आले. इथे यायला परवानगी सहज मिळत होती हेही एक कारण होतेच. थोडे दिवस राहून अभ्यास करावा आणि परत जावे असा बेत होता. पण तिकडे परिस्थिती बिघडत गेली आणि मुक्काम बारा वर्षांचा झाला. महालक्ष्मी मंदिराजवळ वॉर्डन रोडवर, म्हणजे आजच्या भुलाभाई देसाई रस्त्यावर, रेवा हाऊस नावाच्या बंगल्यात ते राहत.

हातात ना वाद्यवृंद, ना नोकरी. तरी आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली. चेंबर म्युझिक म्हणजे तीन-चार वादकांनी दिवाणखान्यात बसून वाजवायचे संगीत. स्वतः कॉफमन पियानोवर, मेहली मेहता व्हायोलिनवर आणि एडिजिओ व्हेर्गा चेलोवर. चेलो म्हणजे व्हायोलिनचा मोठा भाऊ, जमिनीवर टेकवून बसून वाजवतात. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम ठरलेला. मे १९३७ पर्यंत या मंडळींचे १३६ कार्यक्रम झाले होते. हे मेहली मेहता म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले संचालक झुबिन मेहता यांचे वडील.

एकीकडे हे चालू असताना दुसरीकडे ते विद्यार्थी झाले. राग म्हणजे काय, थाट म्हणजे काय, एकाच रागाला सकाळ-संध्याकाळ का असते, गवई एकच सूर इतका वेळ का धरून ठेवतो, हे सगळे ते विचारत राहिले, ऐकत राहिले आणि लिहून घेत राहिले. बर्लिनमध्ये शिकलेला संचालक मुंबईत पुन्हा पहिलीत बसला असेच म्हणावे लागेल.

फक्त मोठ्या गवयांचेच ऐकायचे असेही त्यांनी ठरवले नव्हते. मध्य भारतातल्या गोंड आणि बैगा लोकांच्या गाण्यांवर त्यांनी १९४१ मध्ये अमेरिकेतल्या एका संगीतविषयक नियतकालिकात लेख लिहिला. पुढे बस्तरच्या माडिया-मुरिया गोंडांच्या गाण्यांवरही लिहिले. त्या काळी आपल्याकडच्या शिकल्या-सवरल्या माणसांनाही आदिवासींच्या गाण्यात संगीत ऐकू येत नव्हते. या माणसाला येत होते. कारण एकदा न कळलेले नीट ऐकायची सवय त्याने स्वतःला लावून घेतली होती.

रेडिओ आणि ती धून

१९३६ मध्ये सरकारी नभोवाणीचे नाव ऑल इंडिया रेडिओ झाले. त्याच सुमारास केंद्राची ओळख पटवणारी एक धून हवी होती. कॉफमन यांच्या एका रचनेतील सूर त्यासाठी घेतले गेले असे सांगतात. ती शिवरंजनी रागावर आधारलेली आहे, आणि त्यातले व्हायोलिन मेहली मेहतांनी वाजवले असावे असेही मानतात.

शिवरंजनी मुलांना सहज समजावता येतो. यात पाचच स्वर. सा, रे, ग, प, ध. मध्यम नाही आणि निषाद नाही. हेच पाच स्वर भूप रागातही आहेत, पण भूपात गंधार शुद्ध आणि शिवरंजनीत कोमल. एका स्वराने भाव पालटतो. भूप प्रसन्न वाटतो, शिवरंजनी व्याकूळ करतो. मेरा नाम जोकर या चित्रपटातले गेलेल्या दिवसांची आठवण काढणारे गाणे आठवा, ते याच रागातले. पेटी असेल तर दोन्ही वाजवून दाखवा, मुलांना फरक लगेच कळतो.

आता या धुनेची रचना बघा. तानपुरा आपला, राग आपला, व्हायोलिन तिकडचे. दोन घरांचे सूर एकत्र आले आहेत आणि जोड कुठे दिसत नाही. म्हणूनच इतकी वर्षे कुणाला वाटले नाही की ही परक्या माणसाने केली असेल.

१९३७ ते १९४६ ते मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. रेडिओसाठी त्यांनी अनसूया नावाची संगीतिका केली. चित्रपट निर्माते मोहन भवनानी यांच्याबरोबरही काम केले. प्रागचे त्यांचे मित्र, लेखक विली हास जीव वाचवून १९३९ मध्ये मुंबईला आले, तेव्हा त्यांनाही भवनानींच्या स्टुडिओत काम मिळाले.

घराची किंमत

ही सगळी वर्षे सुखाची होती असे समजू नका. त्यांच्या पत्नी गर्टी या थोर लेखक फ्रान्झ काफ्का यांच्या सख्ख्या भाची. काफ्का स्वतः १९२४ मध्येच वारले होते. पण त्यांच्या तीन बहिणी मागे राहिल्या होत्या. त्यातली एक गर्टी यांची आई. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी तिन्ही बहिणींना घरातून उचलून नेले. तिघींपैकी एकही परत आली नाही.

म्हणजे इकडे मुंबईत रोज सकाळी रेडिओवर ती धून लागत होती, आणि तिकडे ती धून करणाऱ्याच्या घरची माणसे मारली जात होती. आता ती धून ऐकली की तिच्यातली व्याकुळता मला वेगळी ऐकू येते. ती रचना युद्धाच्या आधीची आहे हे मला ठाऊक आहे. तरीपण ऐकू येते.

ज्या मुलखाने आसरा दिला तिथे रडत न बसता हा माणूस दर गुरुवारी पियानोपुढे बसत राहिला, आणि शिकत राहिला.

पुन्हा नवा देश, पुन्हा शिक्षक

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये कॉफमन यांनी भारत सोडला. काही काळ इंग्लंडमध्ये काढला. १९४७ मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरी संगीत विद्यालयात पियानो शिकवायला गेले. १९४८ पासून विनिपेग शहराच्या वाद्यवृंदाचे पहिले संचालक म्हणून त्यांनी जवळपास दहा वर्षे काम केले. विनिपेगला हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांच्याही खाली जातो. मुंबईच्या घामातून एकदम तिथे. नवा वाद्यवृंद उभा करायचा म्हणजे नवी शाळा उभी करण्यासारखेच. वादक घडवायचे आणि ऐकणारेही घडवायचे.

१९५७ मध्ये ते अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाले. आणि तिथे आधीपासून कोण शिकवत होते? प्रागचे त्यांचे गुरू पॉल नेटल! तेही नाझींपासून वाचून अमेरिकेत आले होते. ज्या विद्यापीठाची पदवी कॉफमन यांनी नाकारली, तिथले चांगले गुरुजी त्यांना जगाच्या दुसऱ्या टोकाला सहकारी म्हणून परत भेटले. डॉक्टरेट नसलेला हा माणूस वीस वर्षे विद्यापीठात शिकवून १९७७ मध्ये निवृत्त झाला.

तिथे शिकवता शिकवता त्यांनी मुंबईतली शिदोरी उघडली. १९६८ मध्ये उत्तर भारतातील रागांवर आणि १९७६ मध्ये दक्षिण भारतातील रागांवर त्यांचे मोठे ग्रंथ प्रसिद्ध झाले. उत्तर भारतातील रागांची मांडणी त्यांनी थाटांप्रमाणे केली आहे. ही दहा थाटांची पद्धत आपल्या मुंबईच्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी रूढ केलेली. म्हणजे एका मराठी माणसाने आयुष्यभर खपून लावलेली घडी या परदेशी गुरुजींनी इंग्रजी वाचकांपर्यंत नेली. पूर्वेकडच्या देशांत संगीत कसे लिहून ठेवतात यावरही त्यांनी पुस्तक लिहिले, तिबेटच्या बौद्ध मठांतील पठणावरही लिहिले. सोबत रचना चालूच होत्या.

९ सप्टेंबर १९८४ रोजी इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टन गावी त्यांचे निधन झाले. त्यांच्या बऱ्याच रचना वर्षानुवर्षे कुणी वाजवल्या नाहीत. २०२० मध्ये टोरांटोच्या एआरसी एन्सेम्बल या वादकांच्या गटाने त्यांच्या निवडक रचनांची ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा पाश्चात्त्य जगाला त्यांची पुन्हा ओळख झाली. आपल्याकडे मात्र त्यांचे नाव माहीत नसलेल्या कोट्यवधी लोकांनी त्यांची धून रोज ऐकली होती.

वर्गात काय करता येईल

पाठाला जोडून मी काही गोष्टी करून पाहिल्या, त्या सांगते.

१) धून दोनदा ऐकवा. पहिल्यांदा काहीच सांगू नका. काय वाटलं ते मुलांना बोलू द्या. आमच्याकडे एकजण म्हणाला झोप येते, एक म्हणाली कुणीतरी गावाला चाललंय असं वाटतं. मग कॉफमन यांची गोष्ट सांगा आणि पुन्हा ऐकवा. दुसऱ्यांदा वर्ग एकदम शांत असतो.

२) नकाशावर कार्ल्सबाड, बर्लिन, प्राग, मुंबई, विनिपेग, ब्लूमिंग्टन अशी रेघ काढा. मग मुलांना त्यांच्या स्वतःच्या घरच्यांची रेघ काढायला सांगा. आमच्या मुलांची रेघ गावातून सांगली, कोल्हापूर, कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत जाते आणि परत येते. घर सोडावं लागणं म्हणजे काय हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

३) घरात बोलली जाणारी भाषा वर्गात येऊ द्या. गोरमाटी असो, दखनी असो, वडारी असो. आठवड्यातून एक दिवस एका मुलाने घरचं गाणं म्हणायचं आणि बाकीच्यांनी न हसता ऐकायचं. कळलं नाही तर काय कळलं नाही ते विचारायचं.

पालकांनाही एक विनंती. मूल शाळेत बोलत नाही म्हणून त्याला मठ्ठ समजू नका. आणि घरची बोली बोलू नको असं त्याला सांगू नका.

आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर पखवाज वाजवून पद्मश्रीपर्यंत पोहोचले. कोणत्या घरातून कोणता सूर येईल हे आपण कोण ठरवणार?

ती तांड्यावरची मुलगी आता पाचवीत आहे, दुसऱ्या शाळेत. यंदा भेटली तेव्हा मी तिला तिचं गाणं म्हणायला लावलं. पहिल्यांदा मला काहीच कळलं नाही. तिला म्हणलं, परत म्हण.

लेख कसा वाटला ते जरूर कळवा. आपल्या वर्गातला असा अनुभव असेल तर तोही लिहा.